न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे अल्पचरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. या खेपेस आम्ही न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. तेलंगांचे नाव ठाऊक नाही असे गौड सारस्वताचे घर विरळा. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि माणूस ठाऊक असणे निराळे. ज्ञातीतील मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना पदव्या, पदे आणि मानमरातब यांची यादी करून हात जोडण्याची सवय आपल्याला जडली आहे. अशा यादीने मुलांच्या मनात आदर उत्पन्न होतो, जिज्ञासा मात्र होत नाही. तेलंगांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आहे की तो या यादीत बसत नाही, आणि म्हणूनच ज्ञातीच्या मेळाव्यांतून तो सहसा कोणी काढीत नाही. आम्ही तो गाळणार नाही. तो गाळला तर तेलंगांच्या विद्वत्तेचे वर्णन करता येईल, पण त्यांच्या मनाची ओढाताण कळणार नाही. आणि आमच्या मते त्यांचे खरे चरित्र त्या ओढाताणीतच आहे.

काशिनाथपंतांचा जन्म मुंबईस १८५० सालच्या ऑगस्ट महिन्यात झाला. जन्मदात्या पित्याचे नाव बापू. पण लहानपणीच ते चुलते त्र्यंबकराव यांना दत्तक गेले, म्हणून काशिनाथ त्र्यंबक हे नाव झाले. पुढे ज्याने दत्तविधान, वारसा आणि वाटणी यांच्या तंट्यांचे निवाडे करावयाचे, तो स्वतःच दत्तक पुत्र होता, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. पाचव्या वर्षी त्यांना अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घातले. १८५९ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद हे त्यांचे शिक्षक होते. परमानंद हे त्या काळच्या मुंबईतील एक शांत, विचारी आणि तेजस्वी गृहस्थ. गुरुशिष्यांचा हा संबंध पुढे जन्मभराच्या स्नेहात परिणत झाला. स्वतंत्रपणे विचार करावा, परंतु बोलताना आवाज चढवू नये, हे वळण तेलंगांना त्यांच्या सहवासात लागले असावे, असे आम्हांस वाटते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांत तेलंगांची गणना होते. विद्यार्थिदशेत त्यांनी संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती मिळविली, एल्फिन्स्टन कॉलेजात ते फेलो झाले, आणि एम्. ए. व एल्एल्. बी. या दोन्ही परीक्षा तरुण वयातच उतरले. येथवरचा क्रम त्या पिढीतील इतर हुशार मुलांसारखाच दिसतो. वेगळेपण दिसते ते यापुढे.

हे समजण्यासाठी त्या वेळच्या उच्च न्यायालयाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा त्याच्या दोन शाखा होत्या. एक अपील शाखा; तिच्याकडे इलाख्यातील जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले येत आणि तेथे आपले देशी वकील काम चालवीत. दुसरी मूळ शाखा. मुंबई शहरातील मोठमोठे दावे तेथे थेट दाखल होत, आणि तेथे उभे राहण्याचा अधिकार बहुतेक विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या गोऱ्या मंडळींच्याच हाती होता. विलायतेस न जाता या शाखेत शिरण्याची एकच वाट होती. न्यायाधीशांनी ठेवलेली अॅडव्होकेटची परीक्षा द्यावयाची; आणि ती परीक्षा अशी कठीण की त्या वाटेला जाण्यास कोणी धजत नसे. ती वाट प्रथम उघडली बाळ मंगेश वागळे यांनी. तेही सारस्वतच. त्यांच्या मागोमाग १८७२ साली तेलंग ती परीक्षा उतरले आणि बाविशीच्या आसपास मूळ शाखेत अॅडव्होकेट म्हणून उभे राहिले.

समुद्रोल्लंघनाचा दोष न पत्करता बॅरिस्टरांच्या बरोबरीने उभे राहता आले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. विलायतेस जाऊन आलेल्या माणसाला ज्ञातीच्या पंक्तीला घ्यावे की न घ्यावे, यावर घराघरांत आणि मठामठांत वाद चालत, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अनुभवलेले आहे. तेलंगांनी तो प्रश्न आपल्यापुरता उद्भवूच दिला नाही. हा त्यांचा स्वभावच होता, हे पुढे वारंवार दिसून येईल. जेथे भिंत आहे तेथे डोके आपटण्यापेक्षा दार कोठे आहे ते ते आधी पाहात.

वकिलीत त्यांचा जम लवकर बसला. त्याचे मुख्य कारण संस्कृत. हिंदु कायद्याचे दावे चालविताना गोऱ्या बॅरिस्टरांना आणि न्यायाधीशांनाही मिताक्षरेसाठी कोलब्रुकच्या व व्यवहारमयूखासाठी बॉरोडेलच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबावे लागे. भाषांतरात एखादा शब्द ढळला की त्यावर निवाडा उभा राही, आणि एका निवाड्यावर पुढचे दहा निवाडे. तेलंग मूळ ग्रंथ वाचीत. त्यातही कोणता ग्रंथ कोठे प्रमाण, हा भेद ते काटेकोरपणे पाळीत. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टांच्या मयूखाला अधिक मान, देशावर मिताक्षरेला. हा भेद न जाणता दिलेल्या निर्णयाने एखाद्या विधवेचे घर जाई किंवा एखाद्या पुतण्याचा हिस्सा बुडे. शास्त्री आणि अॅडव्होकेट हे दोन्ही एकाच माणसात भेटण्याचा योग न्यायालयात त्यापूर्वी क्वचितच आला होता.

ही विद्वत्ता नुसती कोर्टापुरती नव्हती. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने रामायण हे होमरच्या काव्यावरून घेतले असावे, असा तर्क मांडला होता. बावीस-तेवीस वर्षांच्या या मुंबईकर वकिलाने त्याला १८७३ साली इंग्रजीतून सविस्तर उत्तर दिले. दुसरा एक पंडित लोरिन्झर. त्याला भगवद्गीतेत ख्रिस्ती धर्मग्रंथाची छाया दिसली. तेलंगांनी १८७५ साली गीतेचे इंग्रजी निर्यमक पद्यात भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रस्तावनेत लोरिन्झरचे म्हणणे एकेक करून तपासले. पुढे मॅक्स म्युल्लरने संपादिलेल्या प्राच्य धर्मग्रंथमालेचा आठवा खंड १८८२ साली निघाला. त्यात गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर तेलंगांचे आहे. भर्तृहरीची नीति व वैराग्य ही शतके (१८७४) आणि मुद्राराक्षस (१८८४) यांच्या त्यांनी संपादिलेल्या आवृत्त्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षे वापरल्या. शंकराचार्यांच्या कालनिर्णयावर त्यांनी लिहिले आणि शिलाहार राजांचा ताम्रपटही वाचून प्रसिद्ध केला. हे सर्व करणारा गृहस्थ दिवसभर कोर्टात उभा असे, हे विसरता कामा नये.

या वादांतली त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आपला ग्रंथ तो श्रेष्ठच, असा अभिनिवेश ते धरीत नाहीत. प्रतिपक्षाचा पुरावा मांडावयाचा, त्यातला खरा भाग मान्य करावयाचा, आणि राहिलेल्याला धरून तो कसा टिकत नाही हे दाखवावयाचे. अभिमान असतोच, पण तो पुराव्याच्या मागे उभा असतो. आजही ज्ञातीच्या प्राचीनतेविषयी लेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लेख एकदा चाळावेत.

सार्वजनिक कार्यात फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग या तिघांची नावे एकत्र घेतली जात. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदु. तिघेही मूळ शाखेतले कायदेपंडित. १८८३ सालच्या एप्रिलात इल्बर्ट विधेयकाच्या निमित्ताने मुंबईच्या टाउन हॉलात जी सभा झाली तिच्यात तिघेही बोलले. देशी न्यायाधिकाऱ्यापुढे गोऱ्या माणसाचा खटला चालावा की नाही, हा त्या विधेयकाचा प्रश्न. आणि गोऱ्यांनी त्याविरुद्ध हिंदुस्थानभर काहूर उठविले होते. तत्पूर्वी १८७७ सालीच तेलंगांनी खुला व्यापार व संरक्षक जकात यांवर हिंदुस्थानच्या दृष्टीने एक निबंध लिहिला होता. मँचेस्टरच्या कापडावरील जकात उठविण्याची मागणी तेव्हा विलायतेत जोरात होती, आणि विलायती अर्थशास्त्राचे नाव घेऊन ती पुढे केली जात होती. त्याच शास्त्राच्या आधारे तेलंगांनी देशी उद्योगाचा पक्ष मांडला.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी नेमलेल्या शिक्षण आयोगावर, म्हणजे हंटर आयोगावर, त्यांची नेमणूक झाली. आयोगाच्या सर्व शिफारशींना मान डोलावणे त्यांना जमले नाही आणि त्यांनी आपले भिन्नमत स्वतंत्र टिपणात नोंदविले. कॉलेजांसाठी नीतिशिक्षणाचे एक पाठ्यपुस्तक करावे, ही सूचना त्यांना पसंत नव्हती. नीती पुस्तकाच्या धड्यांनी येत नाही, ती शिक्षकाच्या सहवासाने येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परमानंदांच्या शिष्याने हे लिहावे, यात नवल नाही. त्याच वर्षी त्यांना सी. आय्. ई. हा किताब मिळाला. १८८४ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील जागा मात्र त्यांनी नाकारली. १८८५ च्या जानेवारीत मुंबई प्रेसिडेन्सी असोसिएशन निघाली, तिच्या जनकांत ते होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, तेथे कायदेकौन्सिलांच्या सुधारणेचा ठराव मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा कौन्सिलात घडत असताना मेहतांबरोबर तेही सभासद होते.

आता आम्ही त्या विषयाकडे वळतो, ज्यासाठी हे चरित्र लिहावेसे वाटले.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि सगळ्या देशात वाद पेटला. त्याच साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध नांदावयास येण्याचा दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या झाल्यावर या नवऱ्याकडे जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या अॅडव्होकेटांत काशिनाथपंत तेलंग होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८६ साली अपिलात तो फिरला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असा हुकूम दिला. आणि अखेर १८८८ साली आपसांत मिटवामिटव होऊन त्या मोकळ्या झाल्या. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. बालपणी, संमतीवाचून झालेल्या लग्नाने बाईला जन्मभर बांधावे काय, हा प्रश्न तेलंगांनी अशा रीतीने वकिलाच्या जागेवरून अगदी जवळून पाहिला होता.

१८८६ साली त्यांनी मुंबईच्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढे व्याख्यान दिले. राजकीय सुधारणेच्या आधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा त्याचा विषय. गोऱ्या टीकाकारांचे म्हणणे असे की, घरात बायकांना कोंडून ठेवणाऱ्यांनी राज्यकारभारात वाटा मागू नये. तेलंगांनी याला उत्तर दिले ते थोडक्यात असे: दोन्ही सुधारणा चालू राहाव्यात, पण जेथे अडथळा कमी तेथे पाऊल आधी पडते, आणि ते पडू द्यावे. राज्यकर्त्यांशी वाद घालताना दोन्ही पक्ष एकच भाषा बोलतात, एकच तत्त्वे मानतात. घरातल्या माणसांशी वाद घालताना प्रेम, भीड, श्रद्धा आणि शतकांची रूढी आड येते. तेव्हा घरातली लढाई सावकाशीने आणि गोडीगुलाबीने लढावी. सामाजिक बाबतींतील तडजोडीवर त्यांनी मराठीतही एक निबंध लिहिला. तडजोड हा शब्द आज आपण हिणवून वापरतो. तेलंगांना तो तसा वाटत नसे. लेसिंगच्या नाटकाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले, तेही भिन्न धर्मांच्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याविषयीचेच.

मात्र ही तडजोड म्हणजे सुधारणेला विरोध नव्हे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय दहावरून बारा करावयाचे, एवढेच त्यात होते. तरीही धर्म बुडाला म्हणून सभांवर सभा झाल्या. तेलंग त्या वेळी न्यायाधीश होते आणि त्यांचे मत कायद्याच्या बाजूने पडले. रानडे आणि भांडारकर हेही त्याच पक्षाचे.

आणि तरीही, आयुष्याच्या अखेरच्या काळात, याच तेलंगांनी आपल्या मुलीचे लग्न ती अगदी लहान असताना लावून दिले.

ही बातमी कळताच सुधारकांच्या गोटात मोठी खळबळ झाली. वर्तमानपत्रांतून टीका झाली. जुन्या मताच्या लोकांना आनंद झाला असेल, तर तोही टीकेइतकाच बोचणारा. स्नेह्यांनी सांगितलेले कारण असे की, घरातील वडीलधाऱ्या माणसांचे मन मोडणे त्यांना जमले नाही. एकत्र कुटुंबात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना या कारणाचा अर्थ समजावून सांगावयास नको. घरात आजी असते, तिचे डोळे मिटण्यापूर्वी नातीच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात असे तिला वाटते. मुलीची आई मधल्या मध्ये असते. आणि बाहेर सभेत बोलणारा कर्ता पुरुष घरात आला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आम्ही हे तेलंगांच्या घरचे वर्णन म्हणून लिहीत नाही. आपल्या सर्वांच्या घरांतून १९२९ सालचा बालविवाहाचा कायदा येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, हेच चालत आले, म्हणून लिहितो.

परंतु कारण समजले म्हणून कृत्य बरोबर ठरत नाही. आमचे स्पष्ट मत असे की, तेलंग येथे चुकले. रखमाबाईंचा पक्ष ज्याने मांडला, त्याला लहान मुलीच्या लग्नाचा अर्थ इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होता. कमी अडथळ्याच्या वाटेने जावे, हा त्यांचा सिद्धांत राजकारणात उपयोगी पडला. घरात त्याच सिद्धांताने त्यांना उलट दिशेला नेले, कारण तेथे कमी अडथळ्याची वाट रूढीचीच होती. त्यांच्या मृत्यूनंतर रानड्यांनी हिंदु युनियन क्लबात तेलंग विचारपंथ या विषयावर व्याख्यान दिले. विषयाच्या नावावरूनच दिसते की, प्रश्न एका माणसाच्या एका कृत्याचा राहिला नव्हता. बुद्धीने नवे आणि वर्तनाने जुने असणाऱ्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचा तो प्रश्न झाला होता. आणि रानड्यांवरही, विधुर झाल्यावर विधवेशी लग्न न केल्याबद्दल, तसलाच ठपका होता.

न्यायाधीश म्हणून त्यांची कारकीर्द अवघी चार वर्षांची. १८८९ साली न्यायमूर्ती नानाभाई हरिदास वारले आणि त्यांच्या जागी तेलंगांची नेमणूक झाली. चाळिशीही तेव्हा त्यांनी ओलांडली नव्हती. या नेमणुकीची त्यांनी किंमतही मोजली. वकिलीची मोठी प्राप्ती गेली, आणि राजकारणाचा दरवाजा बंद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रसभा मुंबईस भरली, पण न्यायासनावर बसलेल्या माणसाला वक्त्यांत जागा नव्हती.

त्यांच्या निवाड्यांपैकी एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अप्पाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या दाव्यात १८९१ साली पूर्णपीठापुढे प्रश्न आला तो असा. एकत्र कुटुंबात बाप आपल्या भावांबरोबर अविभक्त राहतो आहे. त्याच्या मुलाला वेगळे व्हावयाचे आहे. बापाची संमती नाही. बाप जिवंत असता मुलाला वाटणीचा दावा लावता येईल काय? सर चार्ल्स सार्जंट तेव्हा मुख्य न्यायाधीश होते. बहुमताने निर्णय झाला की, बापाच्या संमतीवाचून येणार नाही. एकट्या तेलंगांनी विरुद्ध निवाडा लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मिताक्षरेतील जन्मस्वत्वाचा सिद्धांत. पूर्वजार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क बापाकडून येत नाही. तो जन्माबरोबर येतो. ज्याचा हक्क जन्मसिद्ध, त्याला तो वेगळा करून घेण्यास दुसऱ्याची परवानगी कशाला? मूळ संस्कृत वचने, टीकाकारांचे मतभेद आणि आधीचे निवाडे यांची छाननी करीत ते या सिद्धांतापर्यंत पोचतात.

मुंबई इलाख्यात बहुमताचाच नियम पुढे चालू राहिला. अलाहाबाद आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांनी मात्र मुलाचा हक्क मान्य केला, आणि हिंदु कायद्याच्या ग्रंथांत तेलंगांचा हा भिन्न निवाडा आदराने उल्लेखिला जाऊ लागला. आपल्या कितीतरी कुटुंबांत वाड्याच्या, वाडीच्या आणि बागायतीच्या वाटणीवरून दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या गेल्या. त्या मंडळींना हे वाचताना हसू यावे की रडू, हे आम्ही सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात वारंवार येते. एकत्र कुटुंबातून मुलाला आपल्या हिमतीवर बाहेर पडता यावे, हे न्यायासनावरून सर्वांच्या विरुद्ध जाऊन लिहिणारा माणूस आपल्या घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू शकला नाही. वचनांच्या आणि पुराव्यांच्या प्रदेशात तेलंगांना भीड ठाऊक नव्हती. मुख्य न्यायाधीश असो, जर्मन पंडित असो, हंटर आयोग असो, तेथे ते एकटे उभे राहात. माणसांच्या प्रदेशात, आणि तीही आपली माणसे, तेथे त्यांचे पाऊल अडखळे. त्यांना दांभिक म्हणणाऱ्यांनी हे पाहिले नाही, आणि त्यांची सर्व कृत्ये वंद्य मानणाऱ्यांनीही पाहिले नाही.

१८९२ साली मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या दोन्ही जागांवर त्यापूर्वी कोणी हिंदी गृहस्थ बसला नव्हता. याच सुमारास मराठ्यांच्या बखरींवर त्यांनी एक दीर्घ इंग्रजी निबंध सिद्ध केला. बखरींतून लढाया आणि राजकारणे सगळेच काढतात. तेलंगांनी काढले ते निराळे: त्या काळचा समाज कसा होता, लग्ने कशी होत, धर्माच्या बाबतीत राज्यकर्ते हात घालीत की नाही. मराठ्यांच्या राज्यात सरकार सामाजिक आणि धार्मिक बाबींत लक्ष घालीत असे, हे त्यांनी कागदपत्रांवरून दाखविले. संमतिवयाच्या कायद्यावर, परक्या सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, असा जो आक्षेप घेतला जात होता, त्याच्याशी या शोधाचा संबंध वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रकृती मात्र साथ देत नव्हती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे मुंबईस देहावसान झाले. कुलगुरुपदी त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. उच्च न्यायालयातील रिकाम्या जागेवर महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. आणि १९०१ साली रानडे वारल्यावर ती जागा नारायण गणेश चंदावरकर यांच्याकडे, म्हणजे पुन्हा एका सारस्वताकडे आली.

मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा रानड्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी त्यांनी तेलंगांचा बखरींवरील निबंध जोडून छापला. तेलंगांचे निवडक इंग्रजी लेख व भाषणे आपल्याच ज्ञातीच्या गौड सारस्वत ब्राह्मण मित्र मंडळाने १९१६ साली एकत्र करून प्रसिद्ध केली. जुन्या घरांतील माळ्यावरच्या पेट्यांत किंवा एखाद्या वकिलाच्या कपाटात त्या पुस्तकाची प्रत निघाल्यास ती रद्दीत न घालता आपल्या संस्थेच्या वाचनालयाकडे पाठवावी, अशी सभासदांस विनंती आहे.